बाबांचा कॉम्प्युटर, गेलेले ३८ हजार आणि "तू ओरडशील म्हणून सांगितलं नाही"

विट्याची_लेक

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसती वाचून जाते, धागा काढायची पहिलीच वेळ, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

बाबा माझे रिटायर्ड मास्तर, वय ६९. आईबाबा दोघंच विट्याला असतात आणि मी पुण्यात. घरी एक जुना डेस्कटॉप आहे, २०१६ सालचा. त्यावर बाबा पतसंस्थेची पत्रकं टाईप करतात, कीर्तनं बघतात, लाईटबिल भरतात आणि पेन्शन जमा झाली का ते बघायला महिन्यातून चारदा नेटबँकिंग उघडतात.

तर झालं असं की प्रिंटर चालेना म्हणून त्यांनी गूगलवर प्रिंटरचं नाव टाकून ड्रायव्हर शोधला, सगळ्यात वर जे आलं ते दाबलं आणि एकदम सगळा स्क्रीन लाल. बंदच होईना. वर स्पीकरमधून बाईचा आवाज, इंग्रजीत, तुमचा कॉम्प्युटर लॉक झालाय, बंद केलात तर सगळा डेटा जाईल वगैरे. आईला वाटलं शॉर्टसर्किट झालं, ती मेन स्विच पाडायला निघाली होती (पाडला असता तर बरं झालं असतं!). बाबांनी स्पीकरची वायर उपटली, स्क्रीनवर मायक्रोसॉफ्टचा म्हणून दिलेला नंबर कालनिर्णयच्या पानामागे लिहून घेतला आणि फोन लावला.

पुढचं तुम्ही ऐकून असाल. गोड हिंदी बोलणारा माणूस, सर सर करत त्याने एक रिमोटचं अ‍ॅप टाकायला लावलं, मग कसलीतरी खिडकी उघडून लाल फुल्यांची ही लांबलचक यादी दाखवली की बघा सर किती व्हायरस. फी फक्त १० रुपये, नेटबँकिंगने भरा. बाबांनी लॉगिन केलं. स्क्रीन काळा झाला, तो म्हणाला स्कॅन चालू आहे, ओटीपी येईल तो सांगा. पहिला सांगितला, ३८ हजार गेले. दुसरा आला तो एफडी मोडायचा होता हे आत्ता मेसेज नीट वाचल्यावर कळतंय, आणि तेवढ्यात आमच्याकडची लाईट गेली. यूपीएसची बॅटरी दोन वर्षांपासून मेलेली आहे, मी दर दिवाळीला आणते आणते म्हणते आणि विसरते. त्या विसरण्याने साडेचार लाख वाचले.

आता खरं दुखणं सांगते. हे मला कळलं ११ दिवसांनी, आणि ते पण आईकडून, बाबा जेवत नाहीत नीट म्हणून तिने फोन केला तेव्हा. मी विचारलं का नाही सांगितलंत, तर म्हणाले "तू ओरडशील म्हणून." आणि खोटं कशाला बोलू, मी ओरडते. मागे त्यांनी कुठल्याशा लॉटरीच्या लिंकवर क्लिक केलं होतं तेव्हा मी फोनवर "बाबा, किती वेळा सांगायचं तुम्हाला" असं म्हणाले होते. ज्या माणसाने अख्खं गाव पाढे शिकवून मोठं केलं त्याला.

तक्रार केलीय. बँकेत पण जाऊन आलो, तिथे काऊंटरवरच्या मुलाने सगळ्या रांगेसमोर मोठ्याने "आजोबा, ओटीपी दिलात कशाला" विचारलं, त्यावर जास्त लिहीत नाही.

तर मला विचारायचं हे की त्या कॉम्प्युटरचं आता काय करू, फॉरमॅट मारू का, विंडोज १० आहे त्यावर, कुठला अँटिव्हायरस विकत घेऊ, आणि मुख्य म्हणजे बाबांना हे सगळं शिकवायचं कसं, की त्यांना परत कमीपणा पण वाटू नये. भाऊ म्हणतोय नेटच काढून टाक. मला ते पटत नाही पण दुसरं काय करू तेही सुचत नाही.

शून्य_एक

ताई, वाईट वाटलं वाचून. भावाचं ऐकू नका, नेट काढलं तर बाबा तीच कामं मोबाईलवर करतील, लहान स्क्रीनवर, चष्मा कपाळावर ठेवून, म्हणजे अजून अवघड.

आधी मशीनचं. हो, फॉरमॅट मारा. परका माणूस रिमोटने आत येऊन गेलाय, त्याने मागे काय ठेवलंय ते शोधत बसण्यापेक्षा पत्रकं आणि फोटो पेनड्राईव्हवर काढून घ्या आणि पाटी कोरी करा. मेल आणि बँकेचे पासवर्ड तुमच्या लॅपटॉपवरून बदला, त्या मशीनवरून नको. ती लाल फुल्यांची यादी म्हणजे इव्हेंट व्ह्यूअर, विंडोजची रोजची वही असते ती, बारीकसारीक कुरकुरी तिथे नोंदवल्या जातात. आत्ता माझ्या मशीनवर उघडली तर शंभराच्या वर फुल्या निघतील आणि मशीन ठणठणीत आहे. बाबांना मुद्दाम तुमच्या लॅपटॉपवरची फुल्यांची यादी दाखवा, एकदा बघितली की त्या यादीची भीती कायमची जाते.

लाल स्क्रीन म्हणजे पण लॉक वगैरे काही नसतं, ते एक वेबपान असतं, ब्राऊझर फुल स्क्रीन करून बसलेलं. एस्केपचं बटण दाबून धरायचं, दोनतीन सेकंद. नाहीच गेलं तर कंट्रोल अल्ट डिलीट करून तिथून ब्राऊझर मारायचा. तेही नाही जमलं तर आईंचा उपाय, मेन स्विच! हसू नका, अशा वेळी तो एकदम बरोबर उपाय आहे. आणि मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या वॉर्निंगमध्ये फोन नंबर कधीच नसतो, नंबर दिसला की समजायचं भामटा.

अँटिव्हायरसचं म्हणाल तर विंडोजबरोबर येणारा डिफेंडर घरच्या वापराला पुरतो, फक्त तो चालू आहे का बघा. तुम्ही पत्रकं टाईप करतात म्हणालात म्हणून विचारतो, ते मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर दुकानदाराने फुकटात टाकून दिलेलं आहे का? कारण क्रॅक (म्हणजे विकतचं सॉफ्टवेअर फुकटात चालवायची चोरटी फाईल) टाकताना पहिली सूचनाच असते की अँटिव्हायरस बंद करा, मग तो बंद केला जातो आणि परत चालू करायचं कुणाच्या लक्षात राहात नाही. मी बघितलेल्या घरच्या मशीनपैकी निम्म्यांवर हे सापडलंय. विकतचाच हवा असेल तर पुण्याच्या क्विक हीलपासून सतराशे साठ मिळतील, पण एक लक्षात घ्या, तुमच्या बाबांच्या केसमध्ये व्हायरस नव्हताच. अ‍ॅप त्यांनी स्वतः टाकलं, ओटीपी स्वतः सांगितला. कुठला अँटिव्हायरस मध्ये पडणार?

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. नाव नोंदवलं तर घरगुती लोकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सिक्युरिटी अपडेट मिळतात, ते लगेच करून घ्या. २०१६ चं मशीन विंडोज ११ घेणार नाही बहुतेक, प्रोसेसर त्यांच्या यादीत बसत नाही, म्हणजे वर्षभरात नवीन घ्या किंवा विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टीम टाका. अपडेटला लोक हसतात, पण २०१७ चा वॉनाक्राय व्हायरस आठवतोय का? १२ मे ला जगभर मशीनं लॉक झाली, इंग्लंडातले दवाखाने बंद पडायची वेळ आली, आणि ज्या भोकातून ते शिरलं ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच देऊन ठेवला होता. दोन महिने आधी! लोक रिमाइंड मी लेटर दाबत बसले होते.

अजून दोन गोष्टी आणि मग थांबतो. बाबांचं रोजचं खातं अ‍ॅडमिन ठेवू नका, स्टँडर्ड करा, अ‍ॅडमिनचा पासवर्ड वेगळा ठेवा, म्हणजे काहीही इन्स्टॉल होताना अडतं. आणि फायरफॉक्समध्ये जाहिराती अडवणारं युब्लॉक ओरिजिन टाका. सगळ्यात वर जे आलं ते दाबलं म्हणालात ना, ती जाहिरात होती, जाहिरातच दिसली नाही तर दाबणार काय? हे एकच काम केलंत तरी निम्मं दुखणं कमी.

फुकटफौजदार

मास्तर असून फसले?? ओटीपी सांगू नये हे आता शेंबडं पोर पण जाणतं. लोक सुधारणार नाहीत.

तळ्यात_मळ्यात

@फुकटफौजदार, आमच्या हापिसात एक मॅनेजर आहे, सॉफ्टवेअरमध्ये पंधरा वर्षं, दर सहा महिन्यांनी आम्हाला फिशिंगचं, म्हणजे फसवे मेसेज ओळखायचं, ट्रेनिंग तोच देतो. त्याला मेसेज आला की पार्सलचा पत्ता अर्धवट आहे, ५ रुपये भरा. त्या दिवशी त्याच्या बायकोचा वाढदिवस आणि खरंच पार्सल यायचं होतं. भरले ५ रुपये, कार्डनंबरासकट. अक्कल सगळ्यांना असते हो, वेळ साधली की झालं.

आणि @शून्य_एक, स्टँडर्ड खात्याबद्दल एक दुरुस्ती. ती रिमोटची अ‍ॅप्स बरीचशी इन्स्टॉल न करता नुसती डाऊनलोड करून डबल क्लिक केलं तरी चालतात, त्यांना अ‍ॅडमिन पासवर्ड लागत नाही. म्हणजे स्टँडर्ड खातं कराच, पण त्याच्या भरवशावर झोपू नका.

शून्य_एक

बरोबर, ते लिहायचं राहिलं. धन्यवाद. राऊटरमध्ये डीएनएस (साईटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) ९.९.९.९ टाकून ठेवला तर माहीत असलेल्या बऱ्याच फसव्या साईट उघडतच नाहीत, फुकट आहे, पाच मिनिटांचं काम. तोही भरवशाचा म्हैसा नाही, पण चाळणीवर चाळणी लावत जायची.

पासबुक_वाले_काका

मी बँकेत ३४ वर्षं काढली, आता घरी आहे. तुमच्या त्या काऊंटरवरच्या पोराच्या वतीने मीच माफी मागतो, आम्हाला माणसाशी कसं बोलायचं ते कुणी शिकवत नाही, फॉर्म भरायला शिकवतात.

झालं ते झालं पण बाकीच्यांसाठी लिहितो कारण धागा बरेच जण वाचतायत. पैसे गेल्याचं कळलं की त्याच मिनिटाला १९३० लावायचा, सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाईन आहे ती. बँकेची शाखा उघडायची वाट बघायची नाही, मुलाला कळवून मग बघू असंही नाही. १९३० वाले गेलेला पैसा ज्या खात्यात गेला तिथे थांबवायला बघतात, आणि तो पैसा एका जागी बसत नाही, एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पाच ठिकाणी, मग कुठेतरी एटीएममधून रोख. तासाभरात कळवलं तर काहीतरी हाती लागायची आशा असते, अकराव्या दिवशी भांडं पालथं झालेलं असतं. थांबवलेली रक्कम परत मिळायला पुढे कोर्टाचा किंवा लोकअदालतीचा आदेश लागू शकतो, वेळ लागतो, पण मिळू शकते. ऑनलाईन तक्रारीची सरकारी साईट आहे, सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन, तिथला तक्रार नंबर जपून ठेवा.

नियम पण सांगतो, रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ठरवून दिलेला. चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, तिसऱ्याच कुणी घुसून पैसे काढले, आणि तुम्ही तीन कामाच्या दिवसांत कळवलंत, तर नुकसान तुमचं नाही. पण ओटीपी स्वतः सांगितला तर बँकेला कळवेपर्यंत गेलेला पैसा तुमचा, कळवल्यानंतर गेला तर बँकेचा. म्हणजे दोन्हीकडून बघा, लवकर कळवण्यालाच किंमत आहे.

आता मी घरी काय केलंय ते सांगतो, यात कॉम्प्युटरचं ज्ञान लागत नाही. पेन्शनचं खातं एका बँकेत, त्याला नेटबँकिंग नाही, यूपीआय नाही, मोबाईल बँकिंग नाही, फक्त पासबुक. दुसऱ्या बँकेत एक छोटं खातं, त्यात दर महिन्याला दहा हजार टाकतो, लाईटबिल, गॅस, भाजी सगळं त्यातून. चोर आला तरी त्याला महिन्याची भाजी मिळेल. एफडी नेटबँकिंगवरून मोडता येते का ते शाखेत विचारा आणि बंद करता येत असेल तर बंद करून घ्या. नेटबँकिंगची रोजची मर्यादा कमी करता येते, बहुतेक खात्यांना ती लाखांत असते आणि कुणी बघितलेली नसते.

आणि हो, ऑक्टोबर २०२५ अखेरपर्यंत बँकांनी आपापल्या साईट डॉट बँक डॉट इन वर न्यायच्या असं रिझर्व्ह बँकेनेच ठरवून दिलं होतं. पत्त्याच्या शेवटी ते आहे का बघायची सवय बाबांना लावा. मास्तर आहेत, शुद्धलेखन तपासायची नजर असणारच.

कट्टेकरीण

मी डोंबिवलीत आमच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर दर शनिवारी मोबाईल आणि कॉम्प्युटरचा तास घेते, चार वर्षं झाली. शिकवायचं कसं हा प्रश्न बघून राहवलं नाही.

सुरुवातीला मी पण काय केलं तर २१ नियमांचा एक कागद छापून वाटला. हे करू नका, ते करू नका. पुढच्या शनिवारी बघते तर मे महिन्याचा उकाडा आणि सगळे त्या कागदाने वारा घेतायत. एकालाही तीनच्या वर नियम आठवेनात. मग कळलं की हे असं नाही होणार.

नंतर मी माझ्या भाच्याला बसवलं. तो कॉलेजात नाटकं करतो. त्याला म्हटलं पलीकडच्या खोलीतून फोन कर, बँकेतून बोलतोय म्हणून. आणि सगळ्यांना आधी सांगितलं होतं बरं का, की हा भाचा आहे, हे खोटं आहे, आपण सराव करतोय. तरी एका काकूंनी चौथ्या मिनिटाला त्याला ओटीपी सांगितला! सगळे खो खो हसले, काकू पण हसल्या, पण मग मी विचारलं का सांगितलात, तर म्हणाल्या "अगं, तो इतकं अदबीनं बोलत होता, मधेच फोन कसा ठेवायचा?"

मला तिथे लख्ख उजेड पडला. या पिढीला बोलणाऱ्या माणसाचा फोन मधेच ठेवणं म्हणजे उद्धटपणा वाटतो. दारात आलेल्याला पाणी विचारणारी माणसं आहेत ही. त्यांना फिशिंग म्हणजे काय ते समजावून काय उपयोग, त्यांना फोन ठेवायला शिकवायला पाहिजे. मग आम्ही प्रत्येकाचं एक एक वाक्य ठरवलं, जे बोलताना लाज वाटणार नाही. कुणी म्हणतं "दूध उतू जातंय, ठेवते." एक आजोबा म्हणतात "मुलाला विचारून सांगतो." एक आजी थेट म्हणतात "मी उद्या बँकेतच येते हो तुमच्याकडे, कुठल्या टेबलाला असता?" पलीकडचा स्वतःच ठेवतो. हे वाक्य आम्ही प्रत्येकाकडून दर शनिवारी मोठ्याने म्हणून घेतो, पाढ्यांसारखं. मग फोन ठेवल्यावर पासबुकावर किंवा कार्डाच्या मागे जो नंबर छापलेला असतो त्यावर आपण स्वतः लावायचा. गूगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधायचा नाही, तिथे भामट्यांचेच नंबर वर येऊन बसतात.

बाकी मी तीनच गोष्टी पक्क्या करून घेते. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन मागितला की पैसे जाणार. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके फाईल (ती उघडली की मोबाईलवर परकं अ‍ॅप बसतं) उघडायची नाही, मग ती लग्नपत्रिका असो, आरटीओचं चलन असो की आज रात्री वीज तोडणार असा मेसेज असो. आणि व्हिडिओ कॉलवर पोलीस असल्याचं सांगून घरातच अटक केलीय म्हणून घाबरवतात, त्या डिजिटल अरेस्ट नावाचं काही कायद्यात नाही. ते २७ ऑक्टोबर २०२४ च्या मन की बातमध्ये पंतप्रधानांनी सांगितलं होतं, रुको, सोचो, अ‍ॅक्शन लो, त्याचा मला फार उपयोग होतो कारण आमच्या कट्ट्यावर माझ्यापेक्षा त्यांचं जास्त ऐकतात :)

ताई, तुमचा अकरा दिवसांचा मुद्दा वाचून घशाशी आलं. आमच्याकडे एका काकांनी बायकोलासुद्धा आठ महिने सांगितलं नव्हतं.

अण्णा_७१

मी या धाग्यावरचा बहुधा एकटाच असेन जो शिकवणाऱ्यांपैकी नाही, शिकणाऱ्यांपैकी आहे. वय नावातच आहे. टाईप करायला वेळ लागतो तेव्हा एकदाच लिहितो.

शून्य एक साहेब, तुमचं सगळं बरोबर असेल, पण तुम्ही जे लिहिलंय त्यातलं निम्मं माझ्या डोक्यावरून गेलं, आणि मी तसा बरा आहे, नातवाला झूमवर गणित शिकवतो. आम्हाला कळत नाही असं नाही, पण दर वर्षी बटणांची जागा बदलते. मी वहीत चित्र काढून ठेवतो, कुठे काय दाबायचं, आणि एका रात्रीत अपडेट येतो आणि चित्र खोटं ठरतं. मग आम्ही अपडेटला घाबरतो, त्यात आमचं काय चुकलं?

दुसरं, हे महत्त्वाचं, लेकीने नीट वाचावं. मुलगा दिवाळीत येतो. मी म्हणतो अरे हे जरा दाखव. तो येतो, माझ्या हातातून माऊस घेतो, टकटक टकटक टकटक, "झालं बाबा." काय झालं? मला काय कळलं? माझ्या हाताने काहीच झालं नाही. परत तेच अडलं की परत विचारायला लाज वाटते, कारण त्याने तर "दाखवलेलं" असतं. माऊस हातात घेऊ नका. हात मागे बांधून बसा आणि तोंडाने सांगा. वेळ लागेल. तुम्हाला आम्ही सायकल शिकवली तेव्हा सायकलवर आम्ही बसलो नव्हतो, मागे धरून पळत होतो.

तो अमिताभ मध्यंतरी फोन लावला की कानात सांगायचा, सावध राहा सावध राहा. त्याने मी एवढंच शिकलो की फोन लागायला उशीर होतो.

आणि मास्तरांना माझा नमस्कार सांगा. म्हणावं, मी पण १५ हजार घालवलेत, २०२१ मध्ये, केवायसी संपलंय म्हणून फोन आला होता. हे माझ्या घरी अजून माहीत नाही. इथे खरं नाव लागत नाही ते बरं आहे.

पासबुक_वाले_काका

अण्णा, घरी सांगून टाका हो. चार वर्षं झाली, आता हसतील फार तर.

अण्णा_७१

बघतो.

विट्याची_लेक

सगळ्यांचे खूप आभार, सगळे प्रतिसाद मी बाबांना वाचून दाखवले. शनिवार रविवार विट्याला जाऊन आले, काय झालं ते सांगते.

अण्णांचा प्रतिसाद त्यांनी दोनदा वाचायला लावला. "हा माणूस शहाणा आहे" म्हणाले. आणि मग मी खरंच ओढणीने हात मागे बांधून बसले खुर्चीवर, आई हसून हसून बेजार. पहिला अर्धा तास जीव नुसता कासावीस, बाण दुसरीकडेच चाललाय, मला दिसतंय, बोलायचं नाही. पण मग हळूहळू जमलं.

फॉरमॅट मारायच्या आधी मुद्दाम एक गोष्ट त्यांच्याकडून करून घेतली. मी स्वतः आधी घाईने बघितलं होतं तेव्हा कोपऱ्यात सारख्या चौकोनी सूचना येत होत्या, तुमच्या मशीनवर ५ व्हायरस आहेत म्हणून, बाबांना वाटायचं विंडोजच सांगतंय. ते क्रोमच्या नोटिफिकेशन्स निघाल्या. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग साईट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स, तिथे परवानगी दिलेल्या ३७ साईट. बाबांनी एकेक नाव मोठ्याने वाचलं, हजेरी घेतल्यासारखं, आणि एकेकीला काढून टाकलं. मधेच विचारलं "यांना मी परवानगी कधी दिली?" मग दाखवलं की साईट उघडली की वर अलाऊ आणि ब्लॉक अशी खिडकी येते, आणि ते नेहमी निळं असेल ते दाबायचे. "मला वाटायचं अलाऊ केल्याशिवाय पान उघडतच नाही." इतकी साधी गोष्ट, आणि मला आठ वर्षांत कधी विचारावंसं वाटलं नाही.

शून्य_एक, तुमचा अंदाज बरोबर निघाला, डिफेंडर बंदच होता, आणि टायपिंगचं सॉफ्टवेअर दुकानदाराने फुकटात टाकून दिलेलं. ते काढलं. आता बाबा युनिकोडमध्ये टाईप करायला शिकतायत आणि रोज मला फोनवर सांगतात की क्ष कसा काढायचा ते सापडलं. विंडोजची मुदत वाढवून घेतली. फायरफॉक्स, युब्लॉक टाकलं. डीएनएसचं नाही जमलं, राऊटरचा पासवर्ड कुणालाच माहीत नाही, केबलवाला गावाला गेलाय.

काका, पेन्शनचं खातं तुम्ही सांगितलं तसंच केलं, दुसऱ्या बँकेत छोटं खातं उघडलं. पासवर्ड बाबा वहीत लिहून कपाटात ठेवतात, मी आधी नको म्हणणार होते, पण विट्यातल्या कपाटात शिरून वही चोरणारा आणि परदेशातून पासवर्ड चोरणारा हे दोन वेगळे चोर आहेत, आणि आपल्याला दुसऱ्याची भीती आहे.

मॉनिटरच्या वर बाबांनी स्वतःच्या अक्षरात कागद चिकटवलाय, फळ्यावर सुविचार लिहायचे त्याच वळणाचं अक्षर. "घाबरवलं की थांबावे. नंबर दिसला की खोटे. १९३०." आणि त्याखाली आईने पेन्सिलने लिहिलंय, "नाहीतर मेन स्विच."

मी पण एक कबूल केलंय, काही झालं तरी पहिला अर्धा तास मी काही बोलणार नाही, फक्त "बरं, मग पुढे" एवढंच म्हणणार. परवाच वेळ आली. बाबांचा सकाळी सात वाजता फोन, "अगं, तुझ्या मावशीच्या नंबरवरून लग्नाची पत्रिका आलीय, फाईल एपीके आहे. मी उघडली नाही. आधी तिलाच फोन लावला. तिला काही माहीतच नाही, तिचा मोबाईल कुणीतरी घेतलाय ताब्यात." मी म्हटलं बरं, मग पुढे. "पुढे काय, मला आधीच शंका आली होती, तिच्याकडे लग्नाचं आहेच कोण? नातू दुसरीत आहे." मावशीकडे आता बाबाच जाऊन बसलेत, हात मागे बांधून, असं आई म्हणाली.

बाकी सगळं झालं पण मूळ दुखणं तसंच आहे, प्रिंटर अजून चालत नाही. ड्रायव्हर नेमका कुठून घ्यायचा ते सांगा कुणीतरी, बाबा आता स्वतः शोधायला तयार नाहीत.

शून्य_एक

मॉडेल नंबर टाका, प्रिंटरच्या मागे स्टिकर असेल. बाबांनाच वाचायला सांगा.